रेशनकार्ड गावाला, लेकरं शहरात

पत्रात तुम्ही लिहिलंय: बायको जाऊन दीड वर्ष झालं. बीडकडचं गाव सोडून दोन लेकरांना घेऊन पुण्याला आलात. कंत्राटी काम होतं, तेही सुटलं. आता रोज मजूर अड्ड्यावर उभं राहायचं, हाताला काम मिळालं तर चूल पेटते. थोरली नऊ वर्षांची, घरी राहून चार वर्षांच्या भावाला सांभाळते. पुढचं तुमच्याच शब्दांत देते: "मी जेवून आलो असं पोरांना सांगतो आणि झोपतो. ताई, बाईमाणसाला कुणीतरी काही देतं. धडधाकट बाप्याने हात कसा पसरायचा? रेशनकार्ड बायकोच्या नावावर होतं, गावाला. ते तर गेलंच."

दादा, ते गेलेलं नाही. तिथूनच सुरुवात करू.

कार्ड तिच्या नावावर होतं, कारण 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने घरातली वयाने मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली आहे. पण त्याच कायद्यात पुढे असंही लिहिलंय, की घरात अठरा वर्षांवरची बाई नसेल तर वयाने मोठा पुरुष प्रमुख, आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की ती प्रमुख. म्हणजे तुमच्यासारखं घर कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. गावच्या तहसीलच्या पुरवठा शाखेत मृत्यूचा दाखला जोडून अर्ज द्या, तिचं नाव कमी करून घ्या, स्वतःचं प्रमुख म्हणून लावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

पण धान्यासाठी तोवर थांबायचं कारण नाही. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत गावचं धान्य पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात उचलता येतं. कार्ड हातात नसलं तरी कार्डाचा नंबर किंवा तुमचा आधार क्रमांक सांगा आणि अंगठा द्या. तुमचं नाव कार्डात आणि आधार त्याला जोडलेलं, एवढं असलं की झालं. "तुमचं कार्ड इथलं नाही," असं दुकानदार म्हणाला तर वाद घालू नका, तिथेच उभं राहून 1967 ला फोन लावा. ती रेशनचीच हेल्पलाइन आहे. सिमेंट-वाळूचं काम करून बोटं झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. तेवढ्यावरून कुणाला परत पाठवता येत नाही. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवायला सांगा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलं असेल तर तेही दुकानातल्या मशीनवरच होतं, तिघांचं विचारून घ्या.

कार्ड अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांचं, असेल तर कुटुंबाला महिन्याला 35 किलो. प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी 5, म्हणजे तुम्हा तिघांचे 15 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे, आणि जानेवारी 2024 पासून पुढे पाच वर्षांसाठी तसंच ठेवलंय. दुकानदाराने पैसे मागितले तर देऊ नका, पावती मागा.

एक अडचण मात्र येऊ शकते. नुसतं केशरी कार्ड असून भागत नाही, ते प्राधान्य यादीत असावं लागतं. वर्षाचं उत्पन्न शहरात 59,000 आणि खेड्यात 44,000 रुपयांच्या आत असलेल्यांसाठी ही यादी आहे. तुमचं नाव त्यात नसेल तर अर्ज करावा लागेल. राज्याचा कोटा ठरलेला असल्यामुळे वाटही पाहावी लागेल, हे आधीच सांगून ठेवते. पुणे शहरात यासाठी परिमंडळ कार्यालयं आहेत. दारातल्या दलालाला एक पैसा देऊ नका.

आता लेकरांचं, कारण हे उद्याच होण्यासारखं आहे. धाकट्याला अंगणवाडीत घाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम ताजा आहार मिळतो आणि त्याला रेशनकार्ड लागत नाही. थोरलीला जवळच्या महापालिकेच्या शाळेत न्या. गावच्या शाळेचा दाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेश अडवता येत नाही. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचं जेवण असतं. दोघांचं एक वेळचं पोटभर खाणं झालं, पोर पुन्हा वर्गात बसली, आणि तुम्हालाही घराची काळजी न करता दिवसभर काम शोधता आलं. मला तर तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त तिचंच टोचलं. नऊ वर्षांची पोर आई होऊन बसलीय.

रेशन हातात पडेपर्यंत गुरुद्वाऱ्यात जा. डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं. तिथे जात, धर्म, कार्ड कुणी विचारत नाही. लेकरांना घेऊन जा आणि तुम्हीही जेवा.

तुम्ही विचारलंत, हात कसा पसरायचा. रेशनच्या रांगेत हात पसरावा लागत नाही, दादा. या कायद्याखाली देशातले सुमारे 80 कोटी लोक धान्य घेतात. त्यांत काम सुटलेले, ऊस तोडणारे, रात्रपाळीचे वॉचमन, तुमच्यासारखे कितीतरी बाप आहेत. बायकांनाही कुणी सहज देत नाही. त्या विचारतात, खेटे घालतात, दुकानदाराशी भांडतात. ते काम आता तुमच्याकडे आलंय.

आणि "मी जेवून आलो" हे बंद करा. नऊ वर्षांच्या मुलीला भांड्यात किती उरलंय ते दिसतं. तिला सांगा, आज कमी आहे, तिघं वाटून खाऊ. उपाशी पोटी परांचीवर चढून तुम्ही पडलात तर त्या दोघांना कुणी नाही. रेशन दुकानात या आठवड्यातच जा. पुढच्या महिन्यावर ढकलू नका, कारण न उचललेलं धान्य सहसा पुढे मिळत नाही.