कोंबड्यांनी घाण पाणी प्यायलं, आता अंडी खायची का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही देवगडजवळ राहतो, परड्यात 9 गावठी कोंबड्या आहेत. गेल्या आठवड्यात आंब्यावर फवारणी झाली आणि गड्याने पंप, बॅरल सगळं मागच्या चरात धुतलं, पाणी अगदी दुधासारखं पांढरं झालेलं. दुपारी बघते तर कोंबड्या तिथेच पाणी पितायत. तशा त्या न्हाणीच्या सांडपाण्यातही रोज चोच घालतात. कोंबड्या ठणठणीत आहेत, अंडी पण देतायत. सासूबाई म्हणतात, उकडून खाल्ली की काही होत नाही. घरात 4 वर्षांची मुलगी आहे म्हणून विचारते.

उत्तर : ताई, न्हाणीचं पाणी आणि पंप धुतलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र केल्या की गोंधळ होतो. सासूबाईंचं म्हणणं न्हाणीच्या पाण्यापुरतं बरंचसं खरं आहे. सांडपाण्यात, शौचालयाच्या टाकीतून झिरपलेल्या पाण्यात जंतू असतात, त्यातला साल्मोनेला अंड्याच्या कवचावर तर असू शकतोच पण कधी कधी कोंबडीच्या अंडाशयातूनच आत येतो, म्हणजे बाहेरून स्वच्छ दिसणारं अंडंही बाधलेलं असू शकतं. पण तो उष्णतेने मरतो. पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडं शिजवा. हाफ फ्राय नको, आणि ताकद यावी म्हणून पोरांना दुधात कच्चं अंडं फेटून देतात ना, ते तर अजिबात नको.

फवारणीच्या औषधाचं तसं नाही, ते उकळून जात नाही! पाणी दुधाळ झालं म्हणजे ते बहुधा पाण्यात मिसळणारं तेलकट औषध होतं. तुडतुडे या किडीसाठी आंब्यावर सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन असली औषधं मारतात, ती चरबीत विरघळतात, आणि अंड्यात चरबी असते ती सगळी बलकात. आता बलक काही एका दिवसात होत नाही, कोंबडीच्या पोटात तो थरावर थर चढत साधारण 10 दिवस भरत असतो, कवच मात्र शेवटच्या 20 एक तासांत चढतं. म्हणजे आज खुराड्यात मिळालेल्या अंड्याच्या बलकात मागच्या दहा दिवसांत कोंबडीने जे खाल्लं प्यायलं त्याचा हिशोब असतो, आणि जे औषध तिच्या अंगातल्या चरबीत गेलं ते त्यानंतरही थोडं थोडं उतरत राहतं. म्हणून कोंबड्या ठणठणीत आहेत यावर जाऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर त्या दिवसापासून निदान 3-4 आठवडे एकही अंडं घरात खाल्लं नसतं आणि कुणाला विकलंही नसतं. कुत्र्यामांजराला पण घालू नका, खोल खड्ड्यात पुरा. औषधाच्या बाटलीवरचं लेबल फोटो काढून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, कारण नाव कळल्याशिवाय मुदत नेमकी सांगता येत नाही. एखादी कोंबडी थरथरायला लागली, मान टाकली, तोंडातून लाळ आली तर थांबूच नका, लगेच न्या.

चराला कुंपण घाला, आणि गड्याला सांगा की पंप धुतलेलं पाणी चरात, व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. औषधाचा रिकामा डबा धुऊन कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरतात, मी कितीतरी घरात पाहिलंय आणि दर वेळी जीव कळवळतो, तो डबा कितीही घासला तरी वापरायचा नाही.

आणि कोंबडी डबक्याकडे का जाते? जवळ स्वच्छ गार पाणी नसतं म्हणून. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, एप्रिल-मेमध्ये दुप्पट, म्हणजे तुमच्या 9 कोंबड्यांना उन्हाळ्यातही एक कळशी पुरून उरते. तुम्ही पिता तेच पाणी द्या, पसरट मातीच्या भांड्यात, सावलीत, आणि खुराडं उघडायच्या आधीच भरून ठेवा म्हणजे बाहेर पडल्या पडल्या आधी तिथेच पितील. भांडं रोज घासा, तळाला बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर कालचं घासणं नीट झालेलं नाही. विहिरीचं पाणी असेल तर टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) किती घालायची ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, अंदाजाने ओतू नका. तुरटीने गाळ खाली बसतो, तेवढ्याने पाणी शुद्ध होत नाही, हळदीने तर नाहीच.

प्रश्न : अंडं पाण्यात टाकून बुडलं तर चांगलं, असं म्हणतात. आणि विष्ठा लागलेली अंडी धुऊन ठेवावीत का?

उत्तर : बुडलं म्हणजे ताजं, बस एवढंच कळतं. जंतू किंवा औषध असलेलं ताजं अंडंही टुपकन बुडतं. धुऊन साठवू नका, कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि वरचं नैसर्गिक आवरण धुतलं की ती उघडी पडतात, त्यात गार पाण्याने धुतलं तर आतला भाग आकसून घाण आत ओढली जाते. कोरड्या फडक्याने पुसा. फारच माखलेलं असेल तर फोडायच्या आधी कोमट पाण्याने धुवा आणि लगेच शिजवा, आणि हात साबणाने धुवायला विसरू नका, मुलीचे पण, कारण अंडी गोळा करायला तीच पळत जात असणार.