मीडिया आर्ट्सच्या कोर्सला अर्ज करतोय. पोर्टफोलिओत केलेलं सगळंच टाकू का?

नको. निवडक टाका आणि सगळ्यात दमदार काम पहिलं ठेवा. बघणाऱ्यांपुढे अर्जांचा ढीग असतो. ग्रुपने केलेली शॉर्टफिल्म असेल तर तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा: कॅमेरा, एडिटिंग की साउंड. खाडाखोड केलेली स्टोरीबोर्डची (शॉट कसे दिसतील त्या चित्रांची) पानंही द्या, मला तर तीच जास्त बोलकी वाटतात. आवाज मात्र तपासा. फ्रेम जरा हललेली खपून जाते, पण संवादावर पंख्याची घरघर आली की माणूस वैतागतो. व्हिडिओची लिंक लॉगआउट करून उघडून बघा. परवानगी मागत असेल तर सगळी मेहनत पाण्यात. अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या स्टेटमेंटमध्ये ‘लहानपणापासून आवड’ वगैरे नको. एखाद्या कामात कुठे अडलं आणि मग काय बदललंत, ते सांगा.