वडिलांना एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज) सांगितलाय, पुढे काय होतं? किती वर्षं असतात?

तुम्ही लिहिलंय की बाबा ५८ वर्षांचे, शर्टाची बटणं लागेनात म्हणून दाखवलं आणि निघाला एमएनडी, आणि किती वर्षं ते कुणी नीट सांगत नाही. मी डॉक्टर नाही, पण आमच्या आईला हेच होतं म्हणून लिहितेय.

आईचं बोलण्यापासून सुरू झालं. जीभ जड, शब्द बोबडे. आम्हाला वाटलं कवळी सैल झालीय, दोनदा नवीन केली 😐 मग पॅरालिसिसची शंका, एमआरआय, त्यात काही नाही, शेवटी ईएमजी (स्नायूंची विजेची तपासणी) केल्यावर कळलं, तोवर आठ महिने गेलेले.

होतं काय तर स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या न् मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात आणि हुकूमच येत नाही म्हणून स्नायू वाळतात. स्पर्श कळतो, डोळे बहुतेक शेवटपर्यंत हलतात. डोकं बऱ्याच जणांचं शाबूत असतं पण काहींचा स्वभाव बदलतो, आई एकदम हट्टी झाली होती आणि आम्ही तिच्यावर चिडायचो, तोही आजारच असू शकतो हे फार उशिरा कळलं.

वर्षांचं म्हणाल तर पहिल्या लक्षणापासून साधारण २ ते ५, दहातला एखादा १० च्या पुढे जातो. हातापायापासून सुरू झालेल्यांना बोलण्या-गिळण्यापासून सुरू झालेल्यांपेक्षा सहसा जास्त वेळ मिळतो. नातेवाईक शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं नाव घेतीलच, त्यांनाही हाच आजार होता, १९६३ ला निदान आणि २०१८ पर्यंत जगले, पण तसं फारच क्वचित. रिलुझोल नावाचं औषध चालू करतील, त्याने सरासरी काही महिनेच वाढतात, मधूनमधून लिव्हरची टेस्ट करावी लागते. २०२३ ला अमेरिकेत टोफरसेन हे औषध मंजूर झालं पण ते फक्त एसओडी१ जीनमध्ये बिघाड असलेल्यांसाठी, असे फार थोडे. स्टेम सेलवाले फोन करतील, आम्ही त्यात पैसे घातले, उपयोग शून्य.

वर्षं मोजण्यापेक्षा श्वास आणि गिळणं यावर लक्ष ठेवा, खरं सगळं तिथेच ठरतं. आईला भाकरीपेक्षा पाण्याचा ठसका जास्त लागायचा, पेज किंवा घट्ट ताक नीट जायचं. पोटातून नळी घालायची असेल तर श्वास बरा आहे तोवरच घालतात, आम्ही "बघू, बघू" करत बसलो आणि मग भूल द्यायलाच डॉक्टर घाबरले. सकाळी डोकं दुखणं, आडवं झोपता न येणं, दिवसा पेंगणं, हे दिसलं की बायपॅपचं (मास्क लावून श्वासाला मदत करणारं मशीन) विचारा, आणि घरच्या घरी नुसता ऑक्सिजन लावू नका कारण हवा कमी नसते, ती आत ओढणारे स्नायू थकलेले असतात, नुसत्या ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड आणखी साठू शकतो.

पुढच्या व्हिजिटला फुप्फुसाची टेस्ट, ती नळीत फुंकायची, सांगून करून घ्या आणि दर तीन महिन्यांनी आकडा वहीत लिहा. गळ्यातून व्हेंटिलेटर हवा की नको हेही बाबांनाच विचारा, ते स्वतः बोलू शकतायत तोवर.