रिंग आली की खरखर थांबते? मग रिंगबॅक सगळ्यात शेवटी

तुम्ही लिहिलंय की लँडलाइनवरून फोन लावला की खरखर येते, बाहेरून फोन आला की लाइन स्वच्छ असते. तक्रार 'दोष आढळला नाही' म्हणून बंद केली गेली आणि आता चाचणीचे कोड हवेत, म्हणजे लाइन तपासायला फोनवरून लावायचे खास नंबर. वाचताक्षणी ओळखलं, आमचं जुनं दुखणं हेच. कोडपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे, कारण क्रम चुकला तर चाचणीच दोष लपवते.

ही लक्षणं बहुतेक वेळा गंजलेल्या जॉइंटची, म्हणजे तारा जोडल्या आहेत त्या जागेची असतात. रिंग म्हणजे साधारण 75 ते 90 व्होल्टचा एसी दाब. जॉइंटवरचा ऑक्साइडचा पातळ थर त्या दाबाने भेदला जातो आणि जॉइंट काही वेळ ठीक वागतो. म्हणून रिंगबॅकचा कोड (ज्याने एक्स्चेंज आपल्याच फोनवर उलट रिंग देतं) आधी वापरलात तर पुढची शांत लाइनची चाचणी (टोन बंद करून नुसती लाइन ऐकायची) निर्मळ येणार, दोष असूनही.

आधी घरातलं सगळं काढा: जादा फोन, फॅक्स, मोडेम, स्प्लिटर, अलार्मची जोडणी. लाइन घरात शिरते तिथल्या पहिल्या सॉकेटला एकच साधा, वायरचा फोन लावा. कॉर्डलेस नको, त्याची स्वतःची सरसर असते. मग शांत लाइनचा कोड लावा, माउथपीस हाताने झाका आणि दोन-तीन मिनिटं नुसतं ऐका. कोड माहीत नसेल तर डायल टोन आल्यावर एकच अंक दाबा (0 किंवा 1 सोडून). टोन तुटतो आणि एक्स्चेंज पुढच्या अंकाची वाट बघत असताना काही सेकंद शांतता मिळते. थोडाच वेळ मिळतो, पण पुरतो.

मध्येच येणारी करकर म्हणजे जॉइंट. सतत खालच्या सुरातली गुणगुण म्हणजे लाइनच्या दोन तारांच्या जोडीतली एक तार जमिनीकडे गळतेय. दुसऱ्याचं बोलणं पुसट ऐकू आलं तर दोन जोड्यांमध्ये ओल किंवा खराब इन्सुलेशन. मोडेम जोडल्यावरच सूं-सूं येत असेल तर फिल्टर (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) नाही किंवा बिघडलाय, त्यासाठी लाइनमनला बोलावू नका.

यानंतर नंबर ऐकवणारा कोड. दुरुस्तीत जोड्या अदलाबदल झाल्या असतील तर इथे कळतं. रिंगबॅक सर्वांत शेवटी. रिसीव्हर न उचलताच रिंग एका ठोक्यात तुटत असेल तर ओलीची गळती धरून चाला. एक्स्चेंजला वाटतं, फोन उचलला.

आता सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली गोष्ट. तक्रार कक्ष दोन कामं करतो: रिसीव्हर खाली असताना दूरवरून लाइन मोजतो आणि मग त्याच नंबरवर फोन करून विचारतो, "आता बरोबर येतंय ना?" पहिल्या मोजणीत दोन तारांमधलं आणि तार-जमिनीमधलं इन्सुलेशन बघतात. जॉइंटमधून प्रवाहच जात नसतो, मग त्याचा रोध बऱ्याचदा दिसत नाही. आणि दुसरं काम, म्हणजे त्या फोनची रिंगच, जॉइंटला तात्पुरता बरा करते! तुम्ही "हो, येतंय" म्हणता आणि तक्रार बंद. हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. कुठलाही जुना लाइनमन रिंगने खरखर जाते हे जाणतो. पण खिडकीवर बसणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं आणि त्याला पडलेलीही नसते.

म्हणून तक्रारीत हे शब्द लिहाच: पहिल्या सॉकेटवर, एकाच वायरच्या फोनने, शांत लाइनवर खरखर, रिंगनंतर थांबते, रिसीव्हर उचललेल्या स्थितीत चाचणी करावी, संपर्क मोबाइलवरच करावा. इंटरनेट असेल आणि फिल्टर ठीक असूनही फोन उचलताच ते तुटत असेल तर तेही लिहा, तो या दोषाचा भक्कम पुरावा.

कोडचं म्हणाल तर ते देशानुसार, कंपनीनुसार, कधी एक्स्चेंजनुसार बदलतात. ब्रिटनमध्ये 17070 लावल्यावर तुमचा नंबर ऐकू येतो, मग 1 ने रिंगबॅक आणि 2 ने शांत लाइन. न्यूयॉर्ककडे 958 वर नंबर ऐकू यायचा. तुमच्याकडचा कोड लाइनमनला विचारा, सहसा सांगतात. अंदाजाने आकडे फिरवू नका, आपत्कालीन सेवेला लागेल.

मी कंपनीचा माणूस नाही, हे अनुभवाचं बोलणं. मल्टिमीटर असेल तर डीसीवर रिसीव्हर खाली असताना सुमारे 48 व्होल्ट, उचलल्यावर साधारण 5 ते 12 दिसायला हवेत. मात्र उघड्या तारांना हात लावू नका, त्याच क्षणी रिंग आली तर चांगलाच झटका बसतो. विजा चमकत असताना तर अजिबात नको. आणि तुमची लाइन फायबरवर गेली असेल तर रिंग घरातल्या डब्यातूनच येते. तिथे डब्यापासून फोनपर्यंतची वायर तेवढी तपासा, बाहेरचा जॉइंट या गोष्टीत येतच नाही.