एकटीनं युटा: झायन पुढच्या वेळी

ऑक्टोबरच्या मध्यावर आठ दिवस, लास वेगासहून गाडी घेऊन, तंबूत राहून अमेरिकेच्या युटा राज्यातले पाचही नॅशनल पार्क एकटीनं होतील का, आणि ते सुरक्षित आहे का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. मी दोनदा एकटी जाऊन आलेय. फक्त झायन यावेळी सोडा.

झायन ते ब्राइस 85 मैल, तिथून कॅपिटल रीफ 120, पुढे मोआब गाव 145. नकाशावर हे सोपं वाटतं, पण मोआबहून वेगासला परतायचे साडेचारशे मैल कुणी धरत नाही. मग ते मैल भरून काढायला आपण दिवसभर चालून आल्यावर संध्याकाळी गाडी काढतो. एकटीच्या सहलीत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची, कड्यांची नाही. बाजूला बोलायला कुणी नसतं, डोळे मिटायला लागतात. ब्राइसहून कॅपिटल रीफला जाणाऱ्या हायवे 12 वर बोल्डर गावाजवळ हॉग्सबॅक नावाचा अरुंद पट्टा आहे, दोन्हीकडे खोल उतार. बोल्डर माउंटनवर अंधार पडला की हरणं रस्त्यावर येतात. हा रस्ता इतका देखणा आहे की तो रात्री करणं म्हणजे फुकट घालवणं. म्हणून लांब चालायचा दिवस आणि लांब गाडीचा दिवस वेगळे ठेवा.

म्हणून वेगासऐवजी सॉल्ट लेक सिटीला उतरा. मोआब चार तासांवर आहे. तिथे चार रात्री, म्हणजे जवळचे आर्चेस आणि कॅन्यनलँड्स दोन्ही निवांत होतात. मग कॅपिटल रीफला दोन, शेवटी ब्राइसला एक आणि परत. आर्चेसमधल्या डेव्हिल्स गार्डन कॅम्पला तंबूच्या 51 जागा आहेत, त्या फार आधी भरतात. कॅन्यनलँड्सच्या आयलंड इन द स्काय भागातल्या विलो फ्लॅट कॅम्पला तर 12च, आणि आधी येईल त्याला, सकाळीच पोहोचा. तिथे पाणी अजिबात नाही.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर. हे कमीत कमी. मी शिवाय पाच गॅलनचा कॅन गाडीत ठेवते आणि मोआबला भरून घेते. हवा इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही, त्यामुळे तहान लागायची वाट बघू नका.

वाट चुकण्याबद्दल जरा सविस्तर सांगते. कॅन्यनलँड्सच्या नीडल्स भागात बऱ्याच वाटा उघड्या खडकावरून जातात. पायवाट अशी नसतेच, दगडांवर दगड रचलेल्या छोट्या खुणा असतात. दुसऱ्या खेपेला चेस्लर पार्कहून परतताना मी उतार सोपा दिसला म्हणून तसंच पुढे गेले आणि खुणा संपल्या. सगळे खडक सारखेच दिसायला लागले. सावलीत बसले, पाणी प्यायले आणि ज्या खुणेची खात्री होती तिथपर्यंत उलट चढून गेले. त्यात पाऊण तास गेला. तेव्हापासून पुढची खूण दिसल्याशिवाय मी हातातली सोडत नाही. आणि निघतानाच परत फिरायची वेळ ठरवते, ती आली की जायचं ठिकाण समोर दिसत असलं तरी वळते. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो.

फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून रोज निघण्यापूर्वी घरच्या कुणाला तरी वाटेचं नाव, गाडी कुठे लावली आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पार्कला फोन करायचा, हे कळवा. 2003 मध्ये युटातल्याच ब्लूजॉन कॅन्यनमध्ये आरन राल्स्टन या एकट्या गिर्यारोहकाचा हात शिळेखाली अडकला तेव्हा तो कुठे गेलाय हे कुणालाच माहीत नव्हतं. पाच दिवसांनी हात कापून तो सुटला.

अरुंद घळीत शिरायचं असेल तर डोक्यावरचं आभाळ बघून ठरवू नका. ऑगस्ट 1997 मध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये पुरात 11 जण गेले, पाऊस पडला होता मैलोगणती दूर. रेंजरना त्या दिवसाचा अंदाज विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको.

वाळवंट म्हणून पातळ स्लीपिंग बॅग नेऊ नका. ब्राइसचा कडा आठ हजार फुटांवर आहे. ऑक्टोबरात माझ्या बाटलीतलं पाणी तंबूत गोठलं होतं. मातीवर काळा खरखरीत थर दिसला तर त्यावर पाऊल नको, तो जिवंत असतो आणि पुन्हा तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात. खडकावरून किंवा कोरड्या ओढ्यातून चाला.

तारखा ठरल्या की इथेच लिहा, कॅम्पच्या जागांचं मी बघून सांगते.