आयता रनर मला मान्य नाही

प्रश्न: चाळीस वर्षं मी न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा चाहता आहे. पिच क्लॉक, मोठे बेस, अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू), जादा इनिंगमध्ये सेकंड बेसवर आधीच उभा असलेला रनर... मुलगी म्हणते, आता कुठे बेसबॉल बघावासा वाटतो. मला मात्र माझं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. हा वयाचा परिणाम म्हणायचा का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: वयाचा काही संबंध नाही. मीही शे स्टेडियम या मेट्सच्या जुन्या मैदानाच्या वरच्या मजल्यावर बसून मेट्स बघत आले, त्यामुळे तुमचं दुखणं मला कळतं. पण सगळ्या नियमांवर एकदम रागावू नका. काहींनी आपला खेळ आपल्याला परत दिलाय.

पिच क्लॉकचंच बघा. बेस रिकामे असताना पिचरला चेंडू टाकायला 15 सेकंद मिळतात. रनर असेल तर 2023 मध्ये 20 होते, पुढच्या वर्षी 18 झाले. 2021 मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी तीन तास दहा मिनिटं चालायचा, तो 2023 मध्ये दोन तास चाळीस मिनिटांवर आला. 1980 च्या दशकाच्या मध्यात साधारण एवढाच वेळ लागायचा! गेलं काय, तर प्रत्येक चेंडूनंतर बॅटरने बाहेर येऊन हातमोज्यांचे पट्टे सोडणं आणि पुन्हा आवळणं. त्याची मला अजिबात आठवण येत नाही.

बेस 15 इंचांचे 18 इंचांचे झाले. शिवाय एका बॅटरच्या पाळीत पिचर दोनदाच रबरवरून (तो उभा राहतो त्या पट्टीवरून) पाय काढू शकतो. तिसऱ्यांदा काढला आणि रनर बाद झाला नाही, तर रनरला पुढचा बेस मिळतो. परिणाम म्हणजे 2022 मधल्या बेसच्या 2,486 चोऱ्या (म्हणजे हिट नसतानाच धावून पुढचा बेस गाठणं) 2023 मध्ये 3,503 झाल्या. 1982 मध्ये मेट्सच्या एकट्या मूकी विल्सनने 58 बेस चोरले होते. तो फर्स्ट बेसवर उभा राहिला की सगळं स्टेडियम सरसावून बसायचं. तुमच्या मुलीला तसं काही बघायला मिळत असेल, तर मला आनंदच आहे.

डीएचचं मात्र मला वाईट वाटतं. अमेरिकन लीगने 1973 मध्ये तो आणला, तरी नॅशनल लीगमध्ये पिचर बॅट घेऊन उभा राहायचा. 2022 पासून तेही कायमचं संपलं. बहुतेक पिचरना बॅटिंग जमायची नाही, हे कबूल. पण सातवी इनिंग आहे, आपण एका रनने मागे आहोत, पिचर झकास टाकतोय आणि पाळी त्याचीच आहे. आता काढायचा की ठेवायचा? यावर शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाशीही भांडता यायचं. आणि मे 2016 मध्ये सॅन डिएगोत 42 वर्षांच्या बार्टोलो कोलोनने कारकिर्दीतला पहिला होमरन मारला, तो तर मेट्सचाच! बेसना फेरी मारताना त्याने किती वेळ घेतला, आठवतंय ना? आता ते दृश्य जवळपास अशक्यच.

आयत्या रनरला माझा साफ विरोध आहे. 2020 मध्ये तो तात्पुरता म्हणून आला आणि 2023 मध्ये कायमचा झाला. पिचरचे खांदे वाचावेत, सामने मध्यरात्रीपर्यंत लांबू नयेत, ही कारणं मला समजतात. तरीही एकही हिट न मारता, बंट (बॅटने चेंडू नुसता हळूच ढकलणं) आणि सॅक्रिफाइस फ्लायवर (बॅटर झेलबाद, पण रनर घरी) सामना जिंकता यावा, हे मला पटत नाही.

मुलीला 1986 च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्याची दहावी इनिंग दाखवा. बॉस्टन 5-3 ने पुढे, मेट्सचे दोन बाद, बेस रिकामे. मग कार्टर, मिचेल, नाइट यांचे एकामागोमाग एक सिंगल. वाइल्ड पिचवर (कॅचरच्या आवाक्याबाहेर गेलेल्या चेंडूवर) बरोबरी. आणि विल्सनचा तो जमिनीलगतचा फटका बॉस्टनच्या बकनरच्या पायांमधून गेला, तेव्हा नाइट सेकंड बेसवरून धावत होम प्लेटवर आला आणि मेट्स जिंकले. सेकंड बेसवर त्याला कुणी आणून उभं केलं नव्हतं. प्लेऑफमध्ये आयत्या रनरचा नियम लावत नाहीत, आणि माझ्या मते त्याच्याविरुद्ध हीच सगळ्यात मोठी साक्ष आहे.

तेव्हा पिच क्लॉकबद्दल मुलीचं म्हणणं मान्य करा, आयत्या रनरवर मात्र तिच्याशी खुशाल वाद घाला.