फिलाडेल्फियाच्या आसपास राहायचं तर कुठल्या राज्यात?

परवा माझ्या आतेबहिणीच्या मुलाचा डिचोलीहून मेसेज आला. "मामा, फिलाडेल्फियात नोकरी मिळाली. मी, ही आणि आमचा साडेचार वर्षांचा, तिघं येतोय. राहायला पेनसिल्व्हेनिया बरं, न्यू जर्सी की डेलावेर? नकाशावर तिन्ही वितीवर दिसतात." चार ओळींत उत्तर टाकू म्हणून बसलो तो रात्रीचा दीड वाजला. आणखी एक-दोघांनी हेच विचारलं होतं, तेव्हा लांबलचक सगळ्यांसाठीच लिहितो.

व्हिसाचं तुझ्या कंपनीचे वकील बघतील. घरभाड्याचे आकडे तू इंटरनेटवर माझ्यापेक्षा चांगले काढशील. ते सोडून देतो.

कराचं आधी उरकू. तू फिलाडेल्फियात कामाला जाणार म्हणजे शहर तुझ्या पगारातून वेज टॅक्स कापणारच. शहरात राहणाऱ्याला तो पावणेचार टक्क्यांच्या आसपास, बाहेरून येणाऱ्याला साडेतीनच्या जरा आत. कुठल्याही राज्यातून ये, सुटका नाही. पेनसिल्व्हेनियाचा आयकर सरसकट ३.०७ टक्के. जर्सीचा आणि त्यांचा १९७७ पासून करार आहे, त्यामुळे जर्सीत राहिलास तर राज्याचा कर फक्त जर्सीला, आणि शहराला गेलेला वेज टॅक्स जर्सी आपल्या करातून वळता करून देते. डेलावेरशी असा करार नाही. तिथे राहून दोन राज्यांचे दोन रिटर्न भरायचे आणि एकाला दिलेलं दुसऱ्याकडे मागायचं. पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत ते स्वतः भरलं. दुसऱ्या वर्षी ते दुरुस्त करून परत भरलं.

तरी आम्ही २०११ च्या जुलैत डेलावेरलाच उतरलो, क्लेमाँटला. कारण काय, तर डेलावेरला सेल्स टॅक्स नाही! बांद्याची माणसं पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्यात पेट्रोल भरायला येतात, तशी इथे आजूबाजूच्या राज्यांतली माणसं टीव्ही आणि फर्निचर घ्यायला डेलावेरला येतात. मला वाटलं, आपण सीमेच्या बरोबर बाजूला राहतोय. क्लेमाँटहून फिलाडेल्फियाला थेट लोकलही होती. सेल्स टॅक्स वाचवून त्या वर्षी आम्ही एक सोफा आणि एक टीव्ही घेतला. बाकी महिन्याचं मुख्य सामान म्हणजे तांदूळ, दूध, भाजी. त्यावर जर्सीत आणि पेनसिल्व्हेनियातही टॅक्स नसतो, हे नंतर कळलं.

आता शाळेचं. हे नीट वाच, कारण तुझाही पोरगा साडेचारचा आहे.

आमच्या मुलीचा जन्म ९ सप्टेंबरचा. डेलावेरचा नियम असा की ३१ ऑगस्टपर्यंत पाच पूर्ण झाली तरच किंडरगार्टन. नऊ दिवस! पेडण्यात ती बालवाडी संपवून आली होती, बाराखडी लिहीत होती, आणि इथे काउंटरवरच्या बाईंनी गोड हसून सांगितलं की पुढच्या वर्षी या. नदीपलीकडे जर्सीत बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरपर्यंतचं चालतं. म्हणजे पुलापलीकडे घर घेतलं असतं तर ती त्याच महिन्यात शाळेत गेली असती. पेनसिल्व्हेनियात प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, आपली तारीख ठरवतो, तेव्हा तिथलं त्या त्या डिस्ट्रिक्टला विचारावं लागेल.

ते वर्ष ती घरी बसली. तुझी मामीही घरीच, कारण एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामाची परवानगी नव्हती. २०१५ मध्ये नियम बदलला, तोही ज्यांचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापुढे गेलंय त्यांच्यासाठीच. मामी पेडणे तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिकवत होती, हे तुला माहीत आहे. राजीनामा देऊन आली.

शाळेच्या कागदांबद्दल एकच सांगतो. तिथून निघण्याआधी बाळाच्या लसींचं कार्ड डॉक्टरांकडून टाइप करून घे आणि महिना अक्षरांत लिहून घे. आमच्या आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंनी आधी दिवस, मग महिना लिहिलेला, इथे आधी महिना वाचतात. त्यांच्या हिशेबात आमच्या मुलीला दुसरा डोस पहिल्याच्या आधी मिळाला होता. तीन लसी परत टोचल्या. त्यात बीसीजी ही टीबीची लस घेतलेल्या मुलाची त्वचेवरची टीबीची चाचणी फुगू शकते. आमची फुगली, एक्स-रे काढावा लागला. थेट रक्ताची चाचणी माग.

पुढल्या वर्षी प्रवेशाला गेलो तेव्हा आणखी एक फॉर्म आला. मुलाची पहिली भाषा कुठली, घरी कुठली बोलता, मूल जास्त कुठली बोलतं. फॉर्म मामीने भरला. तिन्ही जागी मराठी. तिचं अक्षर तू पाहिलंयस, फळ्यावरच्यासारखं. त्या उत्तरांवरून पोरीची इंग्रजीची चाचणी झाली. नवखी जागा, अनोळखी बाई, ती तोंडच उघडेना. मग रोज अर्धा तास तिला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत नेऊ लागले. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांचा दोष नाही. पण बरोबर तेव्हा वर्गात गोष्ट वाचून दाखवायचे. घरी येऊन ती विचारायची, मलाच का बाहेर नेतात? पालक हे नाकारू शकतात, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं, आणि तेही दुसऱ्या एका आईकडून.

दुसरी शाळा बघावी म्हटलं, तर डेलावेरमध्ये त्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारीतच अर्ज करायचा असतो. आम्हाला फेब्रुवारीत जाग आली.

२०१४ मध्ये चेरी हिलला आलो, जर्सीत. शाळेत तोच फॉर्म समोर आला. या वेळी मी भरला. तिन्ही जागी इंग्रजी. मामी शेजारीच उभी होती. काही बोलली नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांना, म्हणजे माझ्या बाबांना तर नाहीच. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं मत. नुकती एकविशी पूर्ण झाली होती. महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. त्यांनी फुलावर शिक्का मारला, मराठीसाठी. फूल ३४ हजारांनी हरलं. अजून ते दिवाळीला कुणी ना कुणी तो विषय काढावा म्हणून वाट बघतात. कुठे राहायचं ते निवडताना त्यांनी भाषा पाहिली, मी सोफा पाहिला. पुढे फॉर्मवर जे खोटं लिहिलं ते चारेक वर्षांत आपसूक खरं झालं. आता फोनवर बाबा "जेवलीस काय गो?" म्हणतात, ती "हो आजोबा" म्हणते आणि फोन माझ्याकडे देते.

एकटेपणाचं विचारलंयस. होतो, सवय होते. चेरी हिलच्या कोरियन दुकानात बांगडा मिळतो, बर्फातला का असेना. चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या छताला, आम्ही सफरचंदं आणि मक्याची कणसं बांधतो. पुढे.

जर्सीचे तोटेही ऐक. प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त. तू भाड्याने राहशील तरी तो भाड्यातून वसूल होतोच. पुलाचा टोल फक्त फिलाडेल्फियाकडे जाताना घेतात, येताना नाही, त्यावर इथले लोक विनोद करतात की जर्सीतून बाहेर पडायलाच पैसे पडतात. मोटार नको असेल तर पॅटको या फिलाडेल्फियाला जाणाऱ्या लोकलच्या स्टेशनाजवळ बघ: कॉलिंग्सवूड, हॅडनफिल्ड, लिंडनवोल्ड. पेट्रोल स्वतः भरायची परवानगी नाही, पंपावरचा माणूस भरतो, अगदी म्हापशासारखं. पेनसिल्व्हेनियात कडक दारू मिळते ती सरकारी दुकानांतच, हे गोव्याच्या माणसाला पचायला वेळ लागतो. सीमेपलीकडून बाटली नेणं तिथेही बेकायदेशीर आहे, पत्रादेवीसारखंच.

घर बघताना पत्त्यातल्या गावाच्या नावावर जाऊ नकोस. पोस्टाचा पत्ता एका गावाचा आणि शाळा भलत्याच डिस्ट्रिक्टची, असं सर्रास असतं; वेस्ट चेस्टरचा पत्ता असलेली घरं वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टांत जातात. सही करण्याआधी घरनंबर देऊन डिस्ट्रिक्टच्या ऑफिसलाच विचार.

तर आधी पोराची जन्मतारीख कळव, राज्य मग ठरवू. त्या भाषेच्या फॉर्मवर काय लिहायचं ते मला विचारू नकोस, मामीला विचार. ती दुपारी एकला डे-केअरमधून परत येते, तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा, झालेले असतात. त्या वेळी फोन कर. घरी ती एकटीच असते.